स्टीफन किंग पहिल्यांदा वाचताना: कोणतं पुस्तक घ्यायचं आणि त्यात काय टिपायचं

भयकथा आवडतात, स्टीफन किंगचं नाव वर्षानुवर्षं कानावर येतंय, पण साठहून जास्त कादंबऱ्यांमधून नेमकी कोणती उचलायची ते सुचत नाही, अशांसाठी हा लेख आहे. बहुतेक वेळा होतं असं की नवा वाचक सगळ्यात गाजलेलं आणि सगळ्यात जाड पुस्तक घेतो, शंभर-दीडशे पानं झाली तरी भुताचा पत्ता नाही म्हणून वैतागतो आणि 'आपल्याला नाही जमत बुवा हा लेखक' म्हणत पुस्तक मिटून टाकतो. याचं मला फार वाईट वाटतं, कारण किंगची सगळी मेहनत त्या शंभर-दीडशे पानांतच असते. तो घाई न करता माणसांची ओळख करून देतो, त्यांच्या घरात आपल्याला मुक्कामाला ठेवतो आणि आपला जीव त्यांच्यात गुंतला की मग संकट आणतो. वाचकांना त्याचं वेड लागतं ते यामुळे. एवढं ध्यानात ठेवून पुढे चला.

आधी लेखकाची थोडी ओळख

चरित्र पाठ करायची गरज नाही, पण काही गोष्टी ठाऊक असल्या तर पुस्तकं जास्त उलगडतात. किंगचा जन्म २१ सप्टेंबर १९४७चा, अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या पोर्टलंड शहरातला. तो दोन वर्षांचा असताना वडील घर सोडून गेले ते गेलेच. आईने मिळतील ती कामं करून दोन मुलं वाढवली. पुढे किंगने इंग्रजी घेऊन पदवी मिळवली, लाँड्रीत राबला, मग शाळेत इंग्रजी शिकवू लागला. बायको टॅबिथा, लहान मुलं आणि राहायला ट्रेलरमधलं घर. तिथल्या कपडे धुण्याच्या खोलीत गुडघ्यांवर लहान मुलांचं डेस्क ठेवून तो टाइप करायचा. 'कॅरी' या त्याच्या पहिल्या प्रकाशित कादंबरीची सुरुवातीची पानं त्याने कचऱ्यात टाकली होती. टॅबिथाने ती बाहेर काढली, वाचली आणि पुढे काय होतं ते मला हवंय, लिही, म्हणाली. पुस्तक १९७४ साली आलं. प्रकाशकाने दिलेली आगाऊ रक्कम २,५०० डॉलर होती, पण पेपरबॅकचे हक्क ४ लाख डॉलरना विकले गेले आणि त्यातला निम्मा वाटा किंगचा होता. त्यानंतर त्याला शिकवण्याची नोकरी करावी लागली नाही.

हे सांगण्याचं कारण असं की त्याच्या कादंबऱ्यांमधली पैशाची ओढाताण उसनी वाटत नाही. नोकरी टिकेल की नाही, या महिन्याची बिलं कशी भागवायची, गाडी दुरुस्तीला टाकायची की चालेल तितकी चालवायची, नवरा पुन्हा बाटलीकडे वळेल का. भूत उंबऱ्याशी येण्याआधीच घरात धास्ती नांदत असते. दारूचंही तसंच. किंग स्वतः बरीच वर्षं व्यसनात होता. २००० साली आलेल्या 'ऑन रायटिंग' या पुस्तकात तो सांगतो की दारुड्या बापाची 'द शायनिंग' ही कादंबरी लिहिताना आपण स्वतःबद्दलच लिहितोय हे त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं.

पहिलं पुस्तक स्वभाव पाहून निवडा

भुताखेतांवर अजिबात विश्वास नसेल किंवा इंग्रजी वाचायचा सराव बेताचा असेल तर 'मिझरी' (१९८७) घ्या. माझं मत विचाराल तर बहुतेकांसाठी हीच उत्तम सुरुवात. एक लेखक अपघातात जबर जखमी होतो आणि शुद्धीवर येतो तो त्याच्याच पुस्तकांच्या एका निस्सीम चाहतीच्या घरात. ती एकेकाळची नर्स आहे, आणि तिचं डोकं ठिकाणावर नाही. जवळजवळ सगळी कादंबरी दोन माणसांत आणि एका खोलीत घडते, त्यामुळे पात्रांची यादी डोक्यात ठेवावी लागत नाही. त्यात अलौकिक असं काहीच नाही, तरी हात गार पडतात. ती त्याला लिहायला एक जुना टाइपरायटर आणून देते, त्याचं 'एन' हे अक्षर तुटलेलं असतं. टाइप झालेल्या पानांत ते अक्षर हाताने भरावं लागतं, आणि कादंबरीत ती पानं तशीच छापलेली आहेत. पुढे आणखी अक्षरं निकामी होतात. लेखकाचं शरीर आणि त्याचं यंत्र एकाच वेळी मोडत चालल्याचं त्या पानांवर डोळ्यांनी दिसतं. कुठेही भाष्य न करता किंग हे साधतो.

सलग मोठं वाचायला वेळ नसेल तर कथांकडे वळा. 'नाइट शिफ्ट' (१९७८) हा त्याचा पहिला कथासंग्रह, छोट्या आणि झणझणीत गोष्टींचा. 'स्केलेटन क्रू' (१९८५) मध्ये 'द मिस्ट' ही दीर्घकथा आहे: अचानक उतरलेलं धुकं, त्यात काहीतरी फिरतंय, आणि सुपरमार्केटमध्ये अडकून पडलेली माणसं.

भयापेक्षा माणसांच्या गोष्टीची ओढ असेल तर 'डिफरंट सीझन्स' (१९८२). चार दीर्घकथा आहेत. त्यातल्या एकीवर 'द शॉशँक रिडेम्प्शन' हा चित्रपट निघाला. तो आवडलेल्या कितीतरी लोकांना ही गोष्ट किंगची आहे हे माहीतच नसतं.

अस्सल झपाटलेली जागा हवी असेल तर 'द शायनिंग' (१९७७), आणि रक्तपिपासू पिशाच्चं हवी असतील तर 'सालेम्स लॉट' (१९७५). नारायण धारपांची 'लुचाई' वाचली असेल तर ही दुसरी जरूर वाचा. धारपांनी ती हिच्याच आधारे लिहिली. आपल्या ओळखीच्या प्रसंगांचं मूळ रूप समोर येतं तेव्हा दोन्ही लेखकांचं कसब कळतं.

सुरुवातीला टाळायची पुस्तकंही सांगून टाकतो. 'इट' (१९८६) हजार पानांच्या वर आहे आणि दोन काळांत मागेपुढे फिरते. 'द स्टँड' १९७८ साली आली तेव्हा बरीच कापलेली होती, १९९० मध्ये ती पूर्ण स्वरूपात आली आणि तीही हजारापलीकडे गेली. 'डार्क टॉवर' मालिका तर वेगळंच प्रकरण आहे. या तिन्हींची गोडी किंगची सवय झाल्यावर लागते. आणि घरात तान्हं बाळ असेल तर 'पेट सिमेट्री' (१९८३) पुढे ढकला. हे मी मनापासून सांगतोय.

वाचताना एक प्रश्न हाताशी ठेवा

दोन-तीन प्रकरणं झाली की थांबून स्वतःला विचारा: यातून भूत काढून टाकलं तर या घरात काय उरेल? किंगच्या चांगल्या पुस्तकांत याचं उत्तर नेहमी मिळतं, आणि ते बऱ्याचदा भुताहून जास्त बोचतं. 'कॅरी'मधून मनाच्या जोरावर वस्तू हलवण्याची शक्ती काढा, उरते धर्मवेडी आई आणि वर्गातल्या मुलींनी केलेला छळ. 'द मिस्ट'मधले प्राणी काढा, उरतात घाबरलेली माणसं, जी दोन दिवसांत कुणाचा तरी बळी द्यायला तयार होतात. 'कुजो'मध्ये (१९८१) तर काढायला भूतच नाही: पिसाळलेला कुत्रा, बंद पडलेली गाडी, उन्हात तापलेल्या त्या गाडीत आई आणि चार वर्षांचा मुलगा. ती गाडी वेळेवर नीट दुरुस्त झालेली नाही, घरातल्या लग्नाचीही गत तीच आहे.

एक प्रसंग जरा जवळून पाहू, कारण किंग काय करतो ते इथे स्वच्छ दिसतं. 'द शायनिंग'मधला जॅक टॉरन्स शिक्षकाची नोकरी गमावून बसलाय आणि कॉलराडोच्या डोंगरातल्या ओव्हरलुक हॉटेलात हिवाळाभर राखणदार म्हणून आलाय. बरोबर बायको वेंडी आणि पाच वर्षांचा डॅनी. हॉटेलचं छप्पर दुरुस्त करताना जॅकला गांधीलमाश्यांचं पोळं सापडतं, एक माशी त्याला डसतेही. तो विषारी धुराचा डबा लावून माश्या मारतो आणि रिकामं पोळं कौतुकाने लेकाला देतो. डॅनी ते आपल्या खोलीत ठेवतो. रात्री त्या मेलेल्या पोळ्यातून जिवंत माश्या बाहेर येतात आणि झोपलेल्या मुलाच्या हाताला डसतात.

आता इथे वाचक एकाच वेळी किती गोष्टींना घाबरतो ते मोजा. हॉटेलातच काही आहे का, ही झाली भयकथेची नेहमीची भीती. पण किंगने आपल्याला आधी सांगून ठेवलंय की डॅनी अगदी लहान असताना त्याने जॅकच्या कागदांवर बिअर सांडली होती आणि दारूच्या नशेत असलेल्या जॅकने त्याचा हात असा पिरगळला की हाड मोडलं. त्यामुळे मुलाचा सुजलेला हात दिसताच वेंडीच्या मनात पाल चुकचुकते आणि ती आपल्याही मनात चुकचुकते. त्यातच जॅकची प्रतिक्रिया पाहा: तो डंखांचे फोटो काढून ठेवतो, धुराचा डबा बनवणाऱ्या कंपनीवर दावा लावायचा म्हणून. मुलाला जवळ घेण्याआधी स्वतःचा दोष कुणावर तरी ढकलायची त्याची सवय त्या फोटोंतून कळते. माश्या जेमतेम काही पानांत येऊन जातात. बापाबद्दलचा संशय मात्र शेवटपर्यंत राहतो. हॉटेलच्या तळघरातला जुना बॉयलर, ज्याचा दाब रोज आठवणीने उतरवावा लागतो, तोही याच बापाच्या शेजारी ठेवून वाचा.

या हॉटेलची कल्पना किंगला सुचली ती १९७४च्या शरद ऋतूत, कॉलराडोतल्या एस्टेस पार्कच्या स्टॅनली हॉटेलात. हंगाम संपत आला होता, हॉटेल बंद व्हायच्या बेतात होतं आणि किंग पती-पत्नी जवळजवळ एकटेच पाहुणे होते. त्यांची खोली २१७. हाच क्रमांक कादंबरीत आला.

धास्ती, भय आणि किळस वेगळी करा

'डान्स माकाब्र' (१९८१) या भयसाहित्यावरच्या पुस्तकात किंगने भीतीच्या तीन पायऱ्या सांगितल्यात. सगळ्यात वरची धास्ती: दिसत काहीच नाही, फक्त मन पुढचं रचत जातं. त्याखाली भय: विपरीत असं काही समोर येऊन उभं राहतं. सगळ्यात खाली किळस: रक्त, कुजणं, ओकारी. किंगचं म्हणणं सरळ आहे की आधी धास्ती बसवायचा प्रयत्न करायचा, ते नाही साधलं तर भय दाखवायचं, आणि तेही नाही जमलं तर किळस आणायलाही तो मागेपुढे पाहत नाही.

'सालेम्स लॉट'मध्ये या पायऱ्या सुट्या करून पाहता येतात. गावात एक मुलगा बेपत्ता होतो, त्याचा भाऊ मरतो, आणि बराच काळ कुणालाच काही दिसत नाही. मग एका रात्री तो मेलेला भाऊ वरच्या मजल्यावरच्या खिडकीबाहेर येतो आणि काचेवर नखं ओरखडत आत घे म्हणतो. खिडकीखाली उभं राहायला जागा नाही. दृश्य भयाचं आहे, पण खरी ताकद त्या विनवणीत आहे, कारण आतल्या मुलाने खिडकी उघडली तरच तो आत येऊ शकतो. रक्त सांडण्याआधीच आपण अर्धमेले झालेले असतो.

किळसवाणा भाग सोसत नसेल तर तो परिच्छेद खुशाल ओलांडा. कथा सुटत नाही.

त्याच्या काही लकबी

पहिली लकब मला सगळ्यात धाडसी वाटते: पुढे कोण मरणार हे किंग आधीच सांगून टाकतो. 'पेट सिमेट्री'त बाप आणि छोटा मुलगा मोकळ्या मैदानात पतंग उडवत असतात. मुलगा खिदळतोय, बापाला आयुष्यात इतकं सुख कधी लाभलेलं नाही, आणि त्याच वाक्यात किंग लिहून जातो की या पोराचे दोन महिनेही उरलेले नाहीत. बस, एवढंच; पुढे पतंग चालूच. साधा रहस्यलेखक ही बातमी जपून ठेवेल. किंग ती देऊन टाकतो आणि नंतरचं प्रत्येक सुखाचं पान आपल्याला सोसवेनासं करतो. ही कादंबरी सुचली तेव्हा तो मेनमधल्या ऑरिंग्टन गावात, ट्रकच्या वर्दळीच्या रस्त्यालगत राहत होता. त्या रस्त्यावर मुलीची मांजर मेली, आणि एकदा धाकटा मुलगाही रस्त्याकडे धावत सुटला होता, तो थोडक्यात बचावला. लिहून झाल्यावर त्याने ती बाजूला ठेवून दिली. प्रकाशकाशी असलेला जुना करार पुरा करायचा होता म्हणून ती छापली गेली.

दुसरी लकब पानावर दिसते. वाक्य मध्येच तुटतं, पुढच्या ओळीत कंसात एखादा विचार येतो आणि वाक्य पुन्हा पुढे सुरू होतं. पात्राला नको असलेला विचार असा घुसतो. नव्या वाचकाला आधी ते छपाईची चूक वाटतं. थांबू नका, वाचत राहा, लवकरच त्याची लय सापडते.

तिसरी, वस्तूंची नावं. पात्रं नुसती गोळी घेत नाहीत, अमुक कंपनीची घेतात. रेडिओवर ठरावीक गाणं लागलेलं असतं, गाडीचं मॉडेल सांगितलेलं असतं. अमेरिकेबाहेरच्या वाचकाला यातली बरीच नावं अनोळखी असतात. प्रत्येक नाव शोधत बसाल तर वाचनाची गती मरेल. हे जग खरं आहे, एवढा ठसा उमटला की त्या तपशिलाचं काम झालं. मेनच्या ग्रामीण बोलीतले संवादही तसेच: मोठ्याने वाचले की निम्मे आपोआप कळतात.

आणि मुलं. मुलांच्या मनात किंग ज्या सहजतेने शिरतो तसं फार थोड्यांना जमतं. त्याची मुलं गोंडस नसतात. ती भांडतात, शिव्या देतात, खोटं बोलतात, आणि मोठ्यांना जे दिसत नाही ते त्यांना दिसतं. 'इट'मधल्या डेरी गावात दर २७ वर्षांच्या आसपास मुलं मरायला लागतात आणि मोठी माणसं नजर वळवतात. मुलांना मारणाऱ्या त्या विदूषकाहून मला ती वळवलेली नजर जास्त भेदरवते.

गावं ओळखीची होऊ द्या

डेरी, कॅसल रॉक, जेरुसलेम्स लॉट ही मेनमधली गावं किंगने रचलेली आहेत. ती पुस्तकांतून पुन्हा पुन्हा भेटतात, एका कादंबरीतला पोलीस अधिकारी दुसरीत डोकावतो, जुन्या दुर्घटनेचा उल्लेख तिसरीत येतो. पण त्यासाठी क्रमाने वाचायची सक्ती नाही. 'डार्क टॉवर' सोडली तर बहुतेक पुस्तकं स्वतंत्र आहेत. रिचर्ड बाकमन हे नाव दिसलं तर गोंधळू नका. १९७७पासून किंग या टोपणनावानेही लिहीत होता आणि १९८५ मध्ये ते उघड झालं.

कुठे अडाल आणि काय कराल

पहिला अडथळा संथ सुरुवातीचा, त्याबद्दल बोलून झालं. तरीही शंभर पानांनंतर एकाही पात्राची काळजी वाटत नसेल तर ते पुस्तक सोडा आणि किंगचंच दुसरं घ्या. लेखक सोडू नका. त्याने इतकं लिहिलंय की सगळं सारख्या ताकदीचं असणं शक्य नाही.

दुसरा अडथळा शेवटाचा. किंग कथानकाचा आराखडा आधी आखत नाही. माणसांना एका पेचात टाकतो आणि ती काय करतात ते पाहत लिहितो, असं त्याने 'ऑन रायटिंग'मध्ये सांगितलंय. मधला भाग इतका जिवंत असतो तो यामुळेच, आणि कधीकधी शेवट फसतो तोही यामुळेच. 'इट'चा शेवट मला पटत नाही. तरीही त्यातल्या सात मुलांची मैत्री मी पुन्हा पुन्हा वाचतो. शेवटासाठी किंग वाचणाऱ्याची निराशा होण्याचा संभव आहे, सोबतीसाठी वाचणाऱ्याची होत नाही. अपवाद हवा असेल तर 'पेट सिमेट्री'चं शेवटचं पान. इतका निर्दय आणि इतका अटळ शेवट भयसाहित्यात क्वचितच सापडेल.

वाचायची वेळ रात्रीचीच हवी असं काही नाही. एका बैठकीत शंभरएक पानं होतील असा सलग वेळ मात्र काढा, कारण रोज पाच-पाच पानं वाचून त्याचा दाब चढत नाही.

चित्रपट पुस्तकानंतर पाहा

'द शायनिंग' वाचायचं ठरवलं असेल तर स्टॅनली कुब्रिकचा १९८०चा चित्रपट आधी पाहू नका. तो थोर आहे, पण किंगला तो आवडला नव्हता, आणि पुस्तक वाचलं की कारण कळतं. चित्रपटातला जॅक पहिल्यापासूनच अर्धा वेडा वाटतो. कादंबरीतला जॅक मुलावर जीव टाकणारा बाप आहे, स्वतःशी झगडणारा, आणि तो हरत जाताना पाहणं हेच तिथलं दुःख आहे. शेवटही पूर्ण वेगळा; बॉयलर लक्षात ठेवा म्हटलं ते त्यासाठीच. उलट 'द मिस्ट'च्या २००७च्या चित्रपटाने शेवट बदलला तो किंगला पसंत पडला. तिथे दोन्ही शेवट शेजारी ठेवून तुम्हीच ठरवा.

'मिझरी' आणि 'द शायनिंग' झाली की एखादा कथासंग्रह वाचा, मग 'सालेम्स लॉट' घ्या आणि त्यानंतर 'इट' उघडा. तोवर संथ सुरुवातीची सवय झालेली असेल, आणि ती हजार पानं जड जाणार नाहीत. 'डॉक्टर स्लीप' (२०१३) मध्ये मोठा झालेला डॅनी भेटतो, पण 'द शायनिंग' संपवल्या संपवल्या ती हातात घेऊ नका. मध्ये दोन-तीन पुस्तकं जाऊ द्या, म्हणजे मधली वर्षं उलटल्यासारखी वाटतील.